सत्तेचाळीस नंबरची पिवळसर पूड

२ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०
नवी वही, नवं पेन. मागच्या वर्षीची वही अकराव्या पानावर थांबली, पण त्या कागदावर शाई फुटत होती. त्यात माझा दोष नाही.

तीस जूनला मी निवृत्त. म्हणजे हातात सहा महिने. तेवढ्यात एकच गोष्ट करायची: माझा सत्तेचाळीस नंबरचा पदार्थ कमिटीतून पास करून घ्यायचा. कमिटी एप्रिलमध्ये बसते. पास झाला की आधी प्राण्यांवर चाचण्या, मग माणसांवर, मग गोळी. एकतीस वर्षं औषधं शोधायच्या लॅबमध्ये काढली आणि माझी म्हणावी अशी एकही गोळी बाजारात नाही. हे मी कुणाजवळ बोलून दाखवत नाही. इथे लिहायला हरकत नाही.

शिवाय रोज अर्धा तास चालणं, रोज पुस्तकाचं एक पान आणि असिस्टंटवर न चिडणं. आज बाहेर गारठा आहे. चालणं उद्यापासून.

३ जानेवारी
पुस्तकाला हात घातला. नाव 'औषधांतली वलयं'. सामान्य वाचकासाठी, अगदी सोप्या मराठीत. पहिलं वाक्य जमलं: 'विषमचक्रीय अरोमॅटिक संयुगं म्हणजे आधुनिक आरोग्याचा कणा.' हिला वाचून दाखवलं. ही म्हणजे माझी बायको, घरी लोकांचे कपडे अल्टर करून देते. म्हणाली, पहिल्या तीन शब्दांतच दम लागला.

मग तिच्याच गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडून समजावलं. नुसत्या कार्बनची रिंग म्हणजे गुळगुळीत वस्तू, शरीरात तिला कुठे पकड मिळत नाही. एका कार्बनला उठवून त्याच्या जागी नायट्रोजन किंवा गंधक बसवला की रिंगला हात फुटतात. त्या हातांनी ती नेमकी जागा धरते आणि रोगाचं काम थांबवते. पित्ताच्या गोळीत अशा रिंगा, क्षयाच्या गोळीत, जंतांच्या गोळीत, आणि बोटं आखडतात म्हणून ही आठवड्यातून एकदा घेते त्या गोळीतसुद्धा. बाजारातल्या निम्म्याहून जास्त गोळ्या याच खानदानातल्या. अरोमॅटिक म्हणजे सुवासिक का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नुसतं नाव तसं आहे. ती म्हणाली, तरीच तुमचा कोट मी बाल्कनीत टांगते.

पुस्तक एक वाक्य पुढे गेलं नाही, पण चर्चा उपयुक्त झाली.

६ जानेवारी, शुक्रवार
शुक्रवार म्हणजे सह्यांचा दिवस. आमच्याकडे प्रत्येकाने आपापल्या प्रयोगवहीत रोजचं काम लिहायचं आणि दर शुक्रवारी वरच्या माणसाने प्रत्येक पानाखाली 'वाचले व समजले' असं लिहून सही करायची. उद्या पेटंटवरून भांडण झालं तर पुरावा म्हणून. असिस्टंटची वही तीस-तीस पानांची फुगलेली असते. मी चार मिनिटांत उरकतो. सवयीचा हात आहे.

असिस्टंटबद्दल. तीन वर्षं माझ्या हाताखाली. मनातल्या मनात मी तिला चष्मेवाली म्हणतो. कंत्राटावर आहे, कंत्राट एकतीस मार्चला संपतं, पुढे चालू राहणं माझ्या रिपोर्टवर. मुलगी वाईट नाही. फार प्रश्न विचारते, एवढंच.

१२ जानेवारी
मोठा दिवस. खालच्या मजल्यावर चाचणी विभाग आहे, तिथल्या बाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी आज स्वतः कागद आणून दिला. सांध्यांच्या दुखण्यामागे जे एन्झाइम आहे, ते सत्तेचाळीसने ब्याऐंशी टक्के बंद पाडलं. ब्याऐंशी. सेहेचाळीसपर्यंत सगळे पंधरा-वीसच्या घरात लोळत होते.

घरी आलो आणि हिला सांगितलं की दोन-चार वर्षांत तुझ्या बोटांसाठी माझी गोळी येईल. तिला बरणीचं झाकण उघडत नव्हतं. म्हणाली, तोवर हे उघडून द्या.

१३ जानेवारी, शुक्रवार
नियम आडवा आला. कमिटीपुढे जायचं तर दुसऱ्या कुणीतरी तोच पदार्थ पहिल्यापासून बनवायचा आणि त्यानेही तेच उत्तर द्यायचं. आमचे प्रमुख म्हणाले, असिस्टंटकडून करून घ्या. हे प्रमुख एके काळी माझ्या हाताखाली पिपेट धरायला शिकले. आता केबिनमध्ये बसून मला नियम सांगतात. मी मनावर घेत नाही.

कृती सोपी आहे. दोन रिंगा जोडायच्या, एक पिरिडिनची, एक थायाझोलची. जोडायला मध्ये जस्त लागतं. जस्त म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. लग्न लागलं की त्याला घरी पाठवायचं, म्हणजे धुऊन काढायचं. पुस्तकात लिहितात की खास क्षाराच्या पाण्याने तीनदा धुवा. मी साध्या पाण्याने एकदा धुतो. तीनदा धुतलं की निम्मा माल पाण्याबरोबर मोरीत जातो. हे अनुभवाने कळतं. वहीत मात्र मी 'धुतले' एवढंच लिहितो, कितीदा ते लिहायला जागा नसते.

२० जानेवारी, शुक्रवार
तिची बॅच आली. चाचणीत शून्य. तीन टक्के म्हणजे शून्यच.

पूड बघितली आणि लक्षात आलं. माझी सायीसारखी पिवळसर, तिची खडूसारखी पांढरीफटक. जीव नसल्यासारखी. तिने रेणूची रचना दाखवणारा मशीनचा आलेख दाखवला, म्हणाली, दोन्ही रिंगा जागेवर आहेत, रेणू तोच आहे. मी शांतपणे सांगितलं की परत कर.

सह्या केल्या. आज तिची पानं जरा जास्तच होती.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
दुसरी बॅच. पुन्हा पांढरी. पुन्हा शून्य. यावेळी मी तिच्या मागे उभा राहून सगळं बघितलं, निदान सुरुवात बघितली, मग चहाला गेलो. परत आलो तेव्हा चष्मेवाली धुवत बसली होती. तिसऱ्यांदा. या मुलीला स्वच्छतेचा रोग आहे.

तिने विचारलं, धातूंच्या तपासणीला दोन्ही पुडी पाठवूया का. तिच्या मते माझ्या पुडीत जस्त राहिलं असेल. माझ्या. एकतीस वर्षांनी. अंगाचा तिळपापड झाला, पण संकल्प आठवला आणि चिडलो नाही. फक्त म्हणालो की तू जन्मायच्या आधीपासून मी पूड धुतोय. हे चिडण्यात मोडत नाही.

चालणं: शून्य दिवस. पुस्तक: एक वाक्य, ते बदलून पुन्हा आधीसारखं केलं.

१३ फेब्रुवारी
प्रमुखांनी बोलावलं. दुसऱ्याच्या हातून होत नसेल तर कमिटीला काय सांगायचं, असं विचारलं. मी म्हटलं, सत्तेचाळीस नाजूक रेणू आहे, त्याला मुरलेला हात लागतो. प्रमुख म्हणाले, औषध कारखान्यात बनणार, तिथे तुमचा हात कुठून आणायचा. मी हसलो. ते हसले नाहीत.

मग सुचवलं की मीच नवी बॅच करतो. माझ्या हातची दोनदा चालली तर पदार्थ खरा, हे सिद्ध होईल.

२७ फेब्रुवारी, सोमवार
सिद्ध झालं. माझी नवी बॅच, सुंदर पिवळसर, ऐंशी टक्के. मी खालच्या बाईंच्या टेबलाशीच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे, मग विचारलं की दोघांच्या रंगात इतका फरक का. मी म्हटलं, हाताचा फरक. त्यांनी बाटलीवर काहीतरी लिहून ठेवलं.

चष्मेवालीच्या रिपोर्टची तारीख आज होती. लिहिला: 'हात कच्चा. सूचना ऐकते, पाळत नाही. स्वतंत्र कामासाठी अद्याप तयार नाही.' लिहिताना वाईट वाटलं. पण कमिटीला कारण हवंच, आणि शून्याचं कारण पदार्थात नसेल तर ते माणसात असणार. हे तर्काने निघतं, माझ्या मनाने नाही.

२८ फेब्रुवारी
घरी सांगितलं. हिने शिवणातून मान वर केली नाही. म्हणाली, दोनदा तिने केलं तेव्हा सारखंच आलं, दोनदा तुम्ही केलंत तेव्हा सारखंच आलं, मग ती चुकली कशावरून? मी समजावून सांगितलं की विज्ञान असं चालत नाही. कसं चालतं ते सांगेपर्यंत गिऱ्हाईक आलं.

१० मार्च, शुक्रवार. दुपारी
आज जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

चष्मेवालीने मला न विचारता माझ्या बाटलीतली तीस मिलिग्रॅम पूड घेतली. दार लावून माझ्यासमोर उभी राहिली आणि स्वतःहून सांगितलं. चाचणीच्या निकालाचा सही केलेला कागद टेबलावर ठेवला.

"सर, मी तुमचीच पूड धुतली. तीनदा. धुतल्यावर ती काहीच करत नाही."

माझ्या पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. फक्त खुर्चीवर बसलो. आधी चोरीबद्दल बोललो. ती ऐकून घेत राहिली. मग मला सुचलं. मी म्हणालो, क्षाराच्या पाण्यात ही थायाझोलची रिंग फुटते. तू धुऊन धुऊन रेणू मोडतेस, म्हणून तुझ्या बॅच मेलेल्या. असं कुठे वाचल्याचं आठवत नाही, पण सांगताना पटत गेलं.

ती म्हणाली, पण आलेखात तर रिंग दिसते. मी म्हणालो, या धुतलेल्या पुडीचा आलेख काढलास का? नव्हता काढला, तीसच मिलिग्रॅम होती, सगळी चाचणीत गेली. मी म्हणालो, मग? आलेख सगळं सांगत नाही, हात सांगतो.

तिने निकालाचा कागद परत एकदा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याच हातून मोडतंय?"

मी म्हणालो, दुसरं काय. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि रिपोर्टचं विचारलं, एकतीसच्या आत बदलता येईल का, घरी भाऊ अजून शिकतोय. मी म्हणालो, बघू.

बाटली कुलपात ठेवली. सह्या केल्या.

१४ मार्च
ती आता काही विचारत नाही. काम करते, वजन करताना दोन-दोनदा काटा बघते. बरं वाटलं. नम्रता आली की माणूस शिकतो.

रिपोर्ट बदलायचं मनात आहे. पण फाइल वर गेली आहे आणि ती परत मागवायला फॉर्म लागतो. फॉर्म कुठे मिळतो ते विचारायला हवं.

१७ मार्च
फॉर्म मिळाला. प्रिंटर बंद आहे.

२४ मार्च, शुक्रवार
लॅबमध्ये कुणी नव्हतं. चष्मेवाली वजनाच्या खोलीत होती. केवळ तिचं तोंड कायमचं बंद व्हावं म्हणून माझी पूड मी स्वतः धुतली, खास क्षाराच्या पाण्याने, पुस्तकात लिहिलंय तशी, तीनदा.

पांढरी झाली.

आलेख काढला. दोन्ही रिंगा शाबूत. काही फुटलेलं नाही.

खाली चाचणीला पाठवली नाही. शुक्रवारी तिथे गर्दी असते.

२५ मार्च
पुडीच्या रंगाला तसा अर्थ नसतो. कितीतरी पदार्थ धुतल्यावर रंग बदलतात.

चाललो. अठरा मिनिटं. वर्षातलं पहिलं चालणं. सगळा वेळ तेच डोक्यात होतं, त्यामुळे व्यायामाचा फायदा झाला असेल असं वाटत नाही.

३१ मार्च, शुक्रवार
ती गेली. रिपोर्ट बदलायचा राहिला. पाच वाजेपर्यंत देता आला असता, पण चार वाजता माझी कमिटीच्या भाषणाची तालीम होती.

निरोपाला आली. टेबल पुसून, बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या लावून, प्रयोगवह्या क्रमाने ठेवून. मला म्हणाली, तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे. काही टोचून बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, हात बसेल हळूहळू. असं का म्हणालो कळत नाही. ती हो म्हणाली.

आज खरंच वाईट वाटलं. पण एप्रिलमध्ये सत्तेचाळीस पास होऊ दे, मग तिला मी स्वतः परत बोलावून घेईन. हा संकल्प पक्का.

१६ एप्रिल, रविवार
उद्या कमिटी. भाषण पाठ. कोट धुवायला दिला होता, पिरिडिनचा वास गेला नाही. ही म्हणाली, आता कापडात मुरला. उद्या संध्याकाळी बाहेर जेवायला जायचं ठरवलं आहे.

१७ एप्रिल, सोमवार. रात्री ९
बाहेर जेवायला गेलो नाही.

भाषण उत्तम झालं. चोवीस मिनिटं. बाहेरून आलेले एक म्हातारे गृहस्थ मधल्या खुर्चीत होते, ऐकताना डोळे मिटून. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, जस्त कसं काढलंत. मी म्हणालो, धुऊन. त्यांनी विचारलं, कितीदा. मी म्हणालो, आवश्यक तितकं.

ते म्हणाले, तुमच्या रेणूत दोन नायट्रोजन शेजारी-शेजारी आहेत, ते चिमट्यासारखे जस्ताला धरून बसतात, साध्या पाण्याने सोडत नाहीत. म्हणजे ज्या हातांचं मी पुस्तकात कौतुक करणार होतो, त्याच हातांनी मला बुडवलं. मी म्हणालो, ही शक्यता तपासलेली आहे. तेव्हा खालच्या बाई उठल्या. त्यांनी रंगातला फरक पाहिल्यापासून मनात ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात त्यांनी चाचणीत सत्तेचाळीस टाकलाच नाही, नुसतं चिमूटभर जस्ताचं मीठ टाकलं. एक्क्याऐंशी टक्के.

म्हणजे एन्झाइम जस्ताने बंद पडत होतं. माझ्या रिंगा नुसत्या मध्यस्थाला पाठीवर घेऊन हिंडत होत्या.

मी म्हणालो, हे मला कुणी आधी लक्षात आणून दिलं नाही. यावर प्रमुखांनी चष्मेवालीची प्रयोगवही टेबलावर ठेवली. वीस जानेवारीचं पान. म्हाताऱ्यांनी मोठ्याने वाचलं: 'परिणाम रेणूचा नसून उरलेल्या जस्ताचा असू शकतो. सरांच्या पुडीची धातू तपासणी करावी, अशी विनंती.' खाली माझ्या अक्षरात 'वाचले व समजले'. सही. मग तीन फेब्रुवारीचं पान, तेच. मग दहा मार्चचं. दर पानाखाली मी.

म्हाताऱ्यांनी विचारलं, यातलं वाचलंत काय आणि समजलंत काय. मी म्हणालो, ती सही प्रशासकीय असते. कुणी हसलंसुद्धा नाही.

सत्तेचाळीस बंद. बाकीचे सेहेचाळीसही.

१८ एप्रिल
प्रमुखांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. आवाज मऊ होता, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाले, कागदावर 'धोरणात्मक कारणास्तव प्रकल्प थांबवला' असं जाईल, गोष्ट खोलीबाहेर जाणार नाही. तुमचे दोन महिने सन्मानाने जाऊ देत. मग एका चिठ्ठीवर नंबर लिहून पुढे सरकवला.

"तिला तुम्हीच फोन करा. तिचं बरोबर होतं हे तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे तिने. दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नाही."

तिची जागा आता प्रकल्पाबरोबरच गेली, परत घेता येणार नाही, पण रिपोर्ट तुम्ही बदलून द्या, तो मी पुढे पाठवतो, असंही म्हणाले. मी लगेच हो म्हणालो. आजच करणार होतो. जेवणानंतर डोकं दुखू लागलं.

२ मे
रिपोर्ट बदलून दिला. 'हात स्वच्छ. निरीक्षण अचूक.' चार शब्द लिहायला वाटलं होतं तितका वेळ लागला नाही. बरं वाटलं. निम्मं काम झालं.

फोन उद्या.

९ मे
फोन करायचा तर नीट बोलायला हवं. नुसतं 'चुकलं' म्हणून ठेवून देणं बरं दिसत नाही. आधी मुद्दे काढतो.

२३ मे
हिने विचारलं, केलात का फोन. मी म्हणालो, ती कामात असेल. ही म्हणाली, रविवारी करा. रविवारी लोक घरच्यांबरोबर असतात, असं मी म्हणालो. तिने सुई खाली ठेवली. बोटं दुखत असावीत. मग म्हणाली, तिला काय वाटत असेल याचा विचार केलात का कधी, की सगळा विचार तुमचा तुम्हालाच पुरतो.

६ जून
पुस्तक पुन्हा उघडलं. 'आधुनिक आरोग्याचा कणा.' वही मिटली. प्रकाशक मिळणं हल्ली कठीण आहे.

१५ जून
मुद्दे तयार. दीड पान झालं. त्यात पहिलं पान जस्ताच्या गुणधर्मांवर आहे आणि पुढचं अर्धं पान माझ्या परिस्थितीवर. ही वाचून म्हणाली, यात ती कुठे आहे. कापून चार वाक्यं ठेवली.

२६ जून
या आठवड्यात नक्की. टेबल आवरायचं आहे म्हणून आज नाही.

३० जून, शुक्रवार. दुपारी ४.१५
टेबल रिकामं. खण रिकामे. प्रमुखांनी भाषणात एकतीस वर्षांची निष्ठा म्हटलं आणि फुलं दिली. खालच्या बाई टाळ्या वाजवत होत्या. त्यांचं तोंड नेहमीसारखंच होतं.

सगळे गेल्यावर फोन केला. चार वाक्यांचा कागद समोर धरून.

तिने लगेच उचलला. आवाज ओळखला, म्हणाली, सर, बरं वाटलं. मी विचारलं, कुठे असतेस. खोकल्याचं सिरप बनवणाऱ्या कारखान्यात, वजनाच्या खोलीत. शिकाऊ म्हणून घेतलंय, पहिल्यापासून. मी म्हणालो, पण तू तर तीन वर्षं... ती म्हणाली, नाही सर, मीच सांगितलं त्यांना की माझा हात कच्चा आहे. आता मी घेतलेलं प्रत्येक वजन शेजारची बाई परत तपासते, त्यामुळे निश्चिंत असते. माझ्या एकटीच्या हातात काही राहत नाही.

प्रमुखांनी पुढे पाठवलेला रिपोर्ट तिने बघितलेला नव्हता. कागद वरच्या वर फिरतात, खालच्यांना कोण दाखवतं.

मी कागद जवळ घेतला. तेवढ्यात तिनेच विचारलं.

"सर, सत्तेचाळीसचं काय झालं? पास झाला ना?"

मी म्हणालो, चाललंय.

"बरं झालं सर. माझ्या हातामुळे तो अडला असता तर मला जन्मभर लागून राहिलं असतं."

मी म्हणालो, तब्येतीला जप. ती म्हणाली, तुम्हीही. फोन ठेवला.

कागद अजून समोर आहे. पहिलं वाक्य, 'तुझं बरोबर होतं.' बाकीची तीन नसती तरी चाललं असतं.